सेव्ह केलंय, वाचते

नोकरी बदलताना मला मध्ये नऊ दिवस मोकळे मिळाले. जुन्या ऑफिसचा लॅपटॉप परत करताना आयटीमधल्या मुलाने विचारलं होतं, "मशीनवर पर्सनल काही राहिलंय का?" मी म्हटलं, "काही नाही, थोडे बुकमार्क असतील. ते सिंक होतात." ते थोडे म्हणजे किती, हे मी त्या नऊ दिवसांत मोजलं. ४३१७.

मोजणं अवघड नाही. क्रोम तुमचे सगळे बुकमार्क एका साध्या फाइलमध्ये ठेवतो. तिचं नाव नुसतं 'बुकमार्क्स', पुढे एक्स्टेन्शनसुद्धा नाही. आत जेसॉन. प्रत्येक बुकमार्कची एक नोंद: नाव, पत्ता, कधी साठवला. हे 'कधी' १७ आकडी असतं, कारण ते १ जानेवारी १६०१ पासूनच्या मायक्रोसेकंदांत मोजलेलं असतं. विंडोजकडून आलेली जुनी सवय. म्हणजे शिवाजी महाराजांच्या जन्माच्या २९ वर्षं आधी सुरू झालेल्या घड्याळात मी एका रात्री साठवलेल्या डॉकरच्या ट्यूटोरियलची वेळ लिहिलेली आहे. असो. त्याच नोंदीत आणखी एक रकाना असतो: शेवटचं कधी वापरलं. तुम्ही तो बुकमार्क उघडलात की तिथे वेळ पडते. कधीच उघडला नाहीत, तर शून्य.

वीस ओळींची पायथन स्क्रिप्ट लिहिली. शून्यवाले निघाले ३८६०.

इंजिनीअर म्हणून एक खुलासा करायला हवा. हा रकाना क्रोममध्ये पहिल्यापासून नव्हता, नंतर आला. त्यामुळे एखादा जुना बुकमार्क मी तेव्हा उघडला असेल, तरी आज तिथे शून्यच दिसेल. संशयाचा फायदा आरोपीला द्यायला जागा होती. आरोपी मी आणि न्यायाधीशही मीच, म्हणून तो भरपूर दिला. तरी उरलं ते बघवत नव्हतं.

मराठीत बुकमार्कला वाचनखूण असा छान शब्द आहे. लहानपणी ती खूण म्हणजे पिंपळाचं जाळी पडलेलं पान, नाहीतर एसटीचं तिकीट. आजीच्या पोथीत लाल दोरा असायचा. या सगळ्या खुणांचा अर्थ एकच होता: इथपर्यंत आले. मागचं वाचून झालंय, उद्या इथून पुढे. दोरा पोथीच्या मध्यावर दिसला, की आजीची निम्मी पोथी झाली हे घरातल्या कुणालाही कळायचं.

ब्राउझरमधली खूण याच्या नेमकी उलट आहे. ती न वाचलेल्या जागी पडते. वाचून झालेल्या पानावर आपण सहसा कंट्रोल-डी दाबत नाही. टॅब बंद करतो आणि पुढे जातो. आपण खूण करतो ती 'आत्ता नको' असं वाटतं तेव्हा. आजीचा दोरा केलेल्या कामाची नोंद ठेवायचा, माझा तारा न केलेल्या कामाची ठेवतो. आणि तरीही तो तारा निळा झाला की काहीतरी केल्याचं समाधान मिळतं. माझ्या मते सगळी भानगड त्या समाधानात आहे.

या गोष्टीला काय म्हणावं, हे बनवणाऱ्यांनाही नीट ठरवता आलं नव्हतं. १९९३ च्या मोझेक ब्राउझरमध्ये ती 'हॉटलिस्ट' होती. नेटस्केपने 'बुकमार्क' म्हटलं, मायक्रोसॉफ्टने 'फेव्हरिट्स'. जे वाचलेलंच नाही ते आवडतं कसं, असा प्रश्न तिथे कुणाला पडला नसावा. नेटस्केप २००८ मध्ये संपला, पण आजही कुठल्याही ब्राउझरमधून बुकमार्क एक्स्पोर्ट केलेत तर फाइलच्या पहिल्या ओळीत त्याचं नाव येतं. आपल्या मराठी संस्थळांवर लेखाखाली 'वाखुसा' लिहायची पद्धत होती: वाचनखूण साठवली आहे. मायबोलीवर 'निवडक १०' आहे. ते नाव मला सगळ्यांत प्रामाणिक वाटतं, कारण त्यात आकडा आहे. दहा म्हटलं की अकरावं आत घेताना हात थांबतो. क्रोमने मला एकदाही विचारलं नाही, की बाई, किती?

पसारा दिसला की इंजिनीअर आधी रचना शोधतो. मीही शोधली होती. कॉलेजपासून फोल्डर करत आले. 'डीएसए', 'सिस्टीम डिझाइन', 'स्वयंपाक', 'गड', 'कविता', 'पैसे'. मग 'वाचायचंय'. मग 'वाचायचंय २'. मग एका जानेवारीत 'नक्की वाचायचंय'. त्याच्या आत आणखी एक फोल्डर निघाला, 'मिस्क', आणि त्यात ७०० नोंदी. ज्या बाईने 'नक्की वाचायचंय'च्या आत 'मिस्क' काढला तिच्या कोड रिव्ह्यूंवर लोकांनी इतकी वर्षं विश्वास ठेवला.

फोल्डरची खरी अडचण अशी, की त्यात एका गोष्टीला एकच घर मिळतं. अजिंठ्याच्या रंगांवरचा लेख रसायनात टाकायचा, कलेत टाकायचा, की 'ट्रिप'मध्ये? २००३ मध्ये डेलिशसने यावर उत्तर काढलं: फोल्डर नको, टॅग लावा, आणि तुमच्या खुणा इतरांनाही दिसू द्या. दोन वर्षांत याहूने ते विकत घेतलं, मग त्याचे मालक बदलत गेले आणि शेवटी ते पिनबोर्डकडे गेलं. २०२५ च्या जुलैत पॉकेट बंद झालं. 'नंतर वाचू' याच एका वाक्यावर उभी असलेली सेवा. माझ्या टीममधल्या एकाचे त्यात कितीतरी लेख होते. बंद होणार म्हटल्यावर त्याने ते एक्स्पोर्ट केले, फाइल ड्राइव्हवर टाकली आणि म्हणाला, "सुटलो." कशातून ते मी विचारलं नाही.

लवकर सापडण्याचं म्हणाल तर तो प्रश्न सुटलेला आहे, आणि त्याला रचना फारशी लागत नाही. क्रोमच्या अॅड्रेस बारमध्ये @bookmarks असं रोमन अक्षरांत टाइप करून टॅब दाबा आणि मग शब्द लिहा, शोध फक्त तुमच्या बुकमार्कमध्ये होतो. फायरफॉक्समध्ये तेच काम एक तारांकन आणि स्पेस करते. एकच अट आहे: साठवताना नाव बदलायचं. वेबसाइटने दिलेलं लांबलचक शीर्षक तसंच ठेवलंत तर सहा महिन्यांनी ते तुम्हाला आठवणार नाही. तुमच्या तोंडात जो शब्द येईल तो लिहा. वीजबिलाच्या पानाला मी 'लाइट' असं नाव दिलंय, कारण आमच्या घरी लाइट भरतात, वीजबिल नाही. रोज लागणारे आठ-दहा पत्ते बुकमार्क बारवर ठेवायचे आणि नाव पूर्ण पुसून टाकायचं, म्हणजे नुसती चिन्हं उरतात आणि जागा पुरते. संपलं. यापलीकडे मी जे काही केलं तो छंद होता, भातुकलीसारखा.

या पद्धतीने मला खरोखर लागणारे बुकमार्क मोजले तर ४१ भरले. बँक, पीएफ, लाइट, रेल्वे, दोन-तीन डॉक्युमेंटेशनची पानं, पुरणाचं प्रमाण. ही हत्यारं. हत्याराला नैतिक बाजू नसते, ते हाताशी असलं की झालं. प्रश्न उरलेल्या ४२७६ चा होता.

त्यांतले बरेचसे म्हणजे इच्छा. तारखेने लावले तर ते माझं चरित्रच होतं. २०१७ मध्ये मला जपानी शिकायचं होतं, तीन आठवडे. २०१८ मध्ये सह्याद्रीतल्या घाटवाटा. २०२० च्या एप्रिलात पाव; त्या महिन्यात बहुतेक सगळ्यांनाच पाव करायचा होता. नंतर दोन वर्षं चिंता, झोप, पाठदुखी, आणि रात्री दोन वाजता साठवलेले 'इंजिनिअरिंग सोडून काय करता येईल' छापाचे १९ लेख. कुणीतरी माझ्या नावावर सामान उतरवून निघून गेलं होतं, आणि ते कुणीतरी मीच होते.

डेरेक पारफिट या इंग्लिश तत्त्वज्ञाचं 'रीझन्स अँड पर्सन्स' नावाचं १९८४ चं पुस्तक आहे. (ते मी वाचलं नव्हतं, ३८६० मध्येच होतं. या निमित्ताने निदान त्यातली व्यक्तीच्या ओळखीवरची प्रकरणं वाचली.) त्याचं म्हणणं ढोबळमानाने असं, की आजची मी आणि वीस वर्षांनंतरची मी यांच्यातलं नातं आपण समजतो तितकं घट्ट नाही. आठवणी, आवडी, स्वभाव यांचे धागे हळूहळू विरळ होत जातात. मग दूरच्या भविष्यातल्या स्वतःकडे जवळजवळ दुसऱ्या माणसासारखं बघता येईल. आणि तसं असेल, तर तिच्यावर ओझं टाकणं हा नुसता अविचार राहत नाही, तो तिच्यावरचा अन्याय होतो. सिगारेट ओढणाऱ्या पोराचं उदाहरण तिथे चपखल बसतं. माझ्या जपानीच्या लिंकांचं तसं नाही. २०१७ च्या मुलीने मला इजा केली नाही. तिने फक्त गृहीत धरलं, की पुढे येणारी बाई तिच्यापेक्षा निवांत असेल. हा गैरसमज गोड आहे. माझ्या ओळखीत तो सगळ्यांना आहे.

दुसऱ्या बाजूला हॉब्ज आहे. १६५१ च्या 'लेव्हायथन'मध्ये तो राजाबद्दल बोलताना एक साधं गणित मांडतो: जो बांधू शकतो तोच सोडवू शकतो, म्हणून जो फक्त स्वतःशीच बांधलेला आहे तो मुळात बांधलेलाच नाही. स्वतःला दिलेल्या वचनातून स्वतःची सुटका कधीही करता येते. सही करणारा आणि माफ करणारा एकच. यावर आक्षेप आहेत. रोज सकाळी स्वतःला माफ करणाऱ्या माणसाचं काय होतं ते आपण जिमच्या मेंबरशिपवरून जाणतो. पण वाचायच्या लेखांपुरता मला हॉब्ज पुरला. २०१७ च्या मुलीला जे हवं होतं त्यातून मी मला सोडवलं. दोन संध्याकाळींत २९०० नोंदी उडवल्या. वाईट वाटेल असं वाटलं होतं. वाटलं नाही. खरं सांगायचं तर त्यांतल्या पुष्कळ आधीच गेल्या होत्या: स्क्रिप्टने एकेक पत्ता उघडून पाहिला तेव्हा ११०० च्या वर पानं सापडलीच नाहीत. प्यू रिसर्च सेंटरने २०२४ मध्ये मोजलं होतं, की २०१३ साली असलेल्या वेबपानांपैकी ३८ टक्के पानं दहा वर्षांनी उघडत नव्हती. माझी टक्केवारी त्यापेक्षा बरी होती. मीच त्यांना जपलं असल्यासारखा मला अभिमान वाटला.

मग राहिलेल्या लिंका हाताने बघायला घेतल्या, आणि तिथे हॉब्जचा उपयोग संपला.

कारण त्यांतल्या दोनशेच्या आसपास लिंका मी शोधलेल्या नव्हत्या. कुणीतरी पाठवल्या होत्या. मामाने पाठवलेला आमच्या गावच्या बारवेवरचा लेख. एका ज्युनिअरने लिहिलेली त्याची पहिली टेक्निकल पोस्ट. धाकट्या भावाने इन्स्टाग्राम सोडून वेबसाइटवर टाकलेले फोटो. या प्रत्येकाला मी उत्तर दिलेलं होतं, व्हॉट्सॲपवर जाऊन पाहिलं. उत्तर तेच होतं, कॉपी-पेस्ट केल्यासारखं: "सेव्ह केलंय, वाचते."

आणि त्यांत ही एक नोंद होती. एक्स्पोर्ट केलेल्या फाइलमध्ये वेळ साध्या युनिक्स सेकंदांत येते, म्हणून आकडा लक्षात राहिला: १६१६००७८५७. भारतीय वेळेत १८ मार्च २०२१, रात्री १२ वाजून ३४ मिनिटं. शीर्षक: 'माग'. पत्ता माझ्या हॉस्टेलच्या रूममेटच्या ब्लॉगचा. शेवटचं कधी वापरलं: शून्य. इथे संशयाचा फायदा घेता आला असता. रकाना नंतर आला, कदाचित मी तेव्हा वाचलं असेल. पण मला माहीत होतं.

ती इचलकरंजीची. तिच्या बाबांचे घरामागच्या शेडमध्ये बारा यंत्रमाग होते, खर्चीवर चालणारे. म्हणजे सूत व्यापाऱ्याचं, कापडही त्याचंच, आणि यांना मिळायची ती विणल्याची मजुरी. लॉकडाऊनमध्ये माग थांबले, नंतर कामगार पुरते परतले नाहीत, बाबांना दम लागायला लागला. ती तेव्हा माझ्यासारखीच हिंजवडीच्या पगारावर होती, घरून काम करत होती. नोकरी सोडून शेड हातात घ्यावी, की शेड विकून बाबांना पुण्याला आणावं, हा प्रश्न तिला पडला होता. हे सगळं मला पुढे तुकड्यातुकड्यांत कळलं. त्या रात्री तिने फक्त लिंक पाठवली आणि खाली लिहिलं: "वाच आणि सांग." मी लिहिलं: "सेव्ह केलंय गं, शनिवारी निवांत वाचते." तिने अंगठा पाठवला.

तो शनिवार आला नाही. मी विसरले असं म्हणणं सोयीचं आहे, पण ते पूर्ण खरं नाही. एप्रिलमध्ये एकदा मला आठवलं होतं, आणि त्यासोबत हेही वाटलं होतं, की आहे ना सेव्ह केलेलं, जातंय कुठे. मे महिन्यात तिने राजीनामा दिला. मी अभिनंदनाचा मेसेज केला. तिने उत्तर दिलं, पण दोन दिवसांनी. मग वाढदिवस, मग दिवाळी, मग फक्त स्टेटसवरचे हार्ट. भांडण काही झालंच नाही, त्यामुळे मिटवायलाही काही नव्हतं.

'सेव्ह केलंय, वाचते' हे खोटं बोलणं आहे का? मी स्वतःच्या बाजूने बराच वकिली विचार केला. पहिलं वाक्य शब्दशः खरं आहे, मी खरोखर सेव्ह केलं होतं. दुसरं इराद्याबद्दल आहे, आणि बोलताना इरादाही होता. तांत्रिकदृष्ट्या मी निर्दोष. शिवाय सगळ्यांनी पाठवलेलं सगळं वाचायचं ठरवलं तर नोकरी सोडावी लागेल; सकाळचा चहा व्हायच्या आत फॅमिली ग्रुपवर नऊ व्हिडिओ येतात. लिंक पाठवणं फुकट आहे म्हणून पाठवणाऱ्याचा माझ्या तासावर हक्क तयार होत नाही. हे सगळं मला अजूनही पटतं. फॉरवर्ड करणाऱ्याचं मी काही लागत नाही.

पण लिहिणाऱ्याचं? आणि ज्याने लिहून मलाच विचारलं त्याचं? इथे मला वाटतं, की मी तिला वाचायचं देणं लागत नव्हते, उत्तराचं देणं लागत होते, आणि 'आत्ता माझ्यात जीव नाही गं' हेही उत्तर झालं असतं. ते ऐकून तिने दुसऱ्या कुणाला विचारलं असतं. मी 'नाही' म्हणाले असते तर तिला वाट बघावी लागली नसती. बुकमार्कने मला 'नाही' हे 'हो'च्या आवाजात म्हणायची सोय दिली, आणि मी ती दोनशे वेळा वापरली. त्या बटणाचा दोष नाही. तारा निळा झाला तो माझ्या स्क्रीनवर. तिच्या स्क्रीनवर फक्त माझं वाक्य गेलं.

आणखी एक गोष्ट मी चुकीची समजत होते. सेव्ह केलेलं टिकतं, हे मी धरून चालले होते. हत्यारं टिकतात. अजिंठ्याचा लेख पाच वर्षांनी वाचला तरी अजिंठा तिथेच असतो. पण कुणी काही विचारलेलं असेल तर त्याला दुधासारखी तारीख असते, आणि ती तारीख फाइलमध्ये कुठल्याच रकान्यात नसते. फोल्डरमध्ये दोन्ही शेजारी दिसतात, सारख्याच आकाराच्या दोन ओळी.

व्हॅनेव्हार बुश या अमेरिकन इंजिनीअरने १९४५ च्या जुलैत 'अटलांटिक मंथली'त एक निबंध लिहिला होता. माहिती इतकी साचलीय की तिच्यातून वाट काढता येत नाही, ही त्याची तक्रार. दुसरं महायुद्ध अजून संपायचं होतं, आणि तक्रार आजची वाटते. उपाय म्हणून त्याने मेमेक्स नावाचं एक यंत्र कल्पिलं: टेबलाएवढं, आत मायक्रोफिल्म, आणि वाचता वाचता एका पानाला दुसरं जोडत गेलात की तुमची पायवाट तयार. आपले बुकमार्क हे त्याचं दूरचं नातवंड. हा निबंध सगळे रचनेसाठी सांगतात. मला त्यातला वेगळाच प्रसंग लागला. त्याच्या उदाहरणातला माणूस धनुष्यांचा अभ्यास करतो: तुर्की आखूड धनुष्य इंग्लिश लांब धनुष्याला सरस का ठरलं. काही वर्षांनी मित्राशी गप्पा मारताना विषय निघतो, तेव्हा तो आपली जुनी पायवाट झटक्यात काढतो, तिची प्रत करतो आणि मित्राला देतो, त्याच्या मेमेक्समध्ये घालायला. बुश तिथेच थांबतो. मित्राने ती पायवाट पुढे कधी उघडली का, हे निबंधात नाही.

नऊपैकी सातव्या दिवशी मी 'माग' उघडायला गेले. पान नाही. डोमेनच नाही, तिने नूतनीकरण केलं नव्हतं. वेबॅक मशीनमध्ये ब्लॉगचं पहिलं पान निघालं, २०१९ चं, हॉस्टेलच्या मेसवरच्या विनोदी पोस्टसकट. 'माग' नव्हतं. मी गूगलचं कॅशे आठवलं, ते गूगलने २०२४ मध्येच काढून टाकलंय. अर्धा दिवस मी एखाद्या प्रॉडक्शन बगच्या मागे लागावं तशी लागले होते. मग लक्षात आलं, की मी हे सगळं तिला मेसेज करावा लागू नये म्हणून करतेय.

केला. लिहिलं, की तुझा 'माग' नावाचा लेख मी तेव्हा वाचलाच नव्हता, आता वाचायचाय, तुझ्याकडे आहे का. तासाभराने उत्तर आलं: "आता???" आणि त्यानंतर एक गूगल डॉक.

वाचायला अकरा मिनिटं लागली. माझ्या डोक्यात ती कायम ब्लॉग पोस्ट होती, जगासाठी लिहिलेली, मी अनेकांपैकी एक वाचक. पण मधल्या एका परिच्छेदात ती लिहिते, की तिच्या कॉलेजच्या मैत्रिणींपैकी आमची शेड आतून बघितलेली एकच आहे, तिला त्या आवाजात रात्रभर झोप लागली नव्हती, आणि सकाळी तिने बाबांना विचारलं होतं, की तुम्हाला हा आवाज बंद झाला तर झोप येईल का. म्हणून तिलाच विचारते, असं पुढे. मी असं विचारलं होतं हे मला अजिबात आठवत नव्हतं. शेवटी तिने दोन्ही पर्यायांचा हिशेब मांडला होता, कर्जासकट, आणि खाली एक प्रश्न, माझ्या नावाने.

रविवारी फोन केला. तिने पहिल्याच वाक्यात सांगितलं, की शेड तिने दीड वर्ष चालवली, मग आठ माग भंगारात काढले, चार अजून आहेत. "आता काय सांगणार तू मला?" ती हसून म्हणाली. हसणं खरं होतं, पण प्रश्नही खराच होता. माझ्याकडे काही नव्हतं. माफी मागितली, ती तिने "असू दे गं" म्हणून बाजूला ठेवली, स्वीकारली असं मी म्हणणार नाही.

मग मी विचारलं, की बाबांना आता झोप लागते का. ती थोडा वेळ गप्प बसली. म्हणाली, चार माग त्यासाठीच ठेवलेत, रात्री दोन चालू असतात. आणि मग कांडीवाल्या मावशींचं, दम्याच्या औषधाचं, व्यापाऱ्याने अडकवलेल्या पैशांचं सांगत राहिली. मागे बारीक खडखडाट येत होता. मध्येच म्हणाली, थांब, एक बघून येते, फोन ठेवू नकोस.